टेकडीवरची बेगम

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. धान्याची कणगी रिकामी झाली की तळाशी काय काय सापडतं ना, कुणाचा कानातला डूल, कुणाची गोटी, शोधून शोधून नाद सोडलेली किल्ली, तसेच ते सापडतात. आमच्या टेकडीवरचं रडार स्टेशन बंद झालं, सामान हललं, आणि कपाटांच्या मागून, टाकीच्या खालून, माणसांच्या तोंडून नुसते किस्सेच बाहेर पडायला लागले. त्यातले बरेच माझ्या समोर घडलेले. माझ्या समोर एवढं का घडतं, याचं कारण सोपं आहे. मी फारसं बोलत नाही. त्यामुळं मी तिथं आहे हेच लोक विसरून जातात!

हे लिहितेय तेही त्याच टेकडीवर बसून. शेजारी दुधाच्या कॅनांचा इतका खडखडाट चाललाय, की एखादी ओळ चुकली तर दोष कॅनांचा.

*

टेकडी ईट गावाच्या वाटेवर, अगदी आमच्या गावाच्या डोक्यावर. तिच्यावर लोखंडी जाळीची एक प्रचंड ताटली, आकाशाकडं तोंड करून बसलेली. मिलिटरीची. परदेशांचे उपग्रह आपल्या डोक्यावरून कधी जातात, कुठून कुठं जातात, हे टिपायचं तिचं काम. गावात तिला सगळे ‘उलटी छत्री’ म्हणायचे.

माझ्या सासूबाईंना हे काम कधीच पटलं नाही. “वरनं कोन आलं, कोन गेलं, एवढंच बघायचं? आन त्याला सरकारी पगार? मग आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांनी काय घोडं मारलंय?”

सासूबाईंना सगळं गाव ‘आक्का’ म्हणतं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्या खडीसारखंच बोलायचं, टोकदार आणि मापात, ही सवय तेव्हापासूनची. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, टेकडीवर कामाला. आणि मी तेरखेड्याची. तेरखेडा म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. शोभेची दारू ज्या गावात बनते, तिथल्या पोरीच्या लग्नात चार बाण उडाले नाहीत तर बापाचं नाक कापलं जातं.

माझ्या वडलांनी नाक जपलं. दिवेलागणीला आमचं वऱ्हाड सासरच्या शिवेवर आलं आणि माझ्या काकांनी गाडीतून खास बनवलेले बाण काढले. पहिलाच असा काही वर गेला की बैल उधळता उधळता राहिले. दुसरा त्याच्याही वर. आणि तिसरा फुटायच्या आत टेकडीवर भोंगा वाजायला लागला!

तिथल्या गेटवर गणपतदादा नावाचे पहारेकरी होते. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघितली तो आला, असं वाटून त्यांनी भोंग्याची कळ दाबून धरली ती सोडेचनात. जवान धावले. मोठे साहेब बनियनवर बाहेर आले. साहेब कूर्गकडचे, मराठी पुस्तकावरून शिकलेले, त्यामुळं रागातसुद्धा छापल्यासारखं बोलायचे.

“गणपत! हे कोणत्या देशाचे आहे?”

गणपतदादांनी पुन्हा एकदा आकाशाकडं नीट बघितलं. तेवढ्यात चौथा फुटला, हिरवा आणि लाल. त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

“तेरखेड्याचं हाय, साहेब!”

अर्ध्या तासानं साहेब स्वतः मांडवात आले, पेढा खाल्ला आणि माझ्या वडलांना म्हणाले, “पुढील वेळी कृपया पूर्वसूचना देऊन उडवावे.” वडील म्हणाले, “साहेब, ही शेवटची पोरगी हाय.”

आणि हो, एवढ्या मोठ्या छत्रीला यातलं काहीच दिसलं नव्हतं. तिचं तोंड त्या दिवशी दुसरीकडं होतं.

*

आमचे हे छत्रीवर नव्हते, छत्रीच्या थंडीवर होते.

म्हणजे असं, की छत्रीची मशीन जुनी. आत कपाटंच्या कपाटं काचेच्या दिव्यांची, जुन्या रेडिओत असायचे तसल्या. ती अशी तापायची की बाहेरून गार हवा सोडली नाही तर तासाभरात बंद. त्या गारव्यासाठी कुंपणाजवळ वेगळी खोली होती. तिथं दोन म्हशींएवढा हिरवा कॉम्प्रेसर आणि एक लांबलचक सिमेंटची टाकी. टाकीतलं पाणी बर्फाला लाज आणणारं. ते पाइपातून मशीनच्या खोलीत फिरायचं. सगळे याला ‘प्लँट’ म्हणत. एकटे रहीमचाचा म्हणत, ‘बेगम’.

रहीमचाचा उस्मानाबादचे. प्लँटचे फोरमन. स्वतःच्या तारुण्याबद्दल, पानाबद्दल आणि बेगमबद्दल त्यांच्याएवढं कौतुकानं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. “सूनबाई, अख्ख्या मराठवाड्यात उन्हाळ्यात गार राहणारी बाई एकच. माझी बेगम!” मग जरा थांबून, “घरच्या बेगमला सांगू नको.”

तर त्या टाकीच्या खोलीत काम करायचं म्हणून आमचे हे भर मे महिन्यात स्वेटर घालून सायकलवर निघायचे. विहिरी आटलेल्या, झाडाखालची सावलीसुद्धा तापलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि हा माणूस लोकरीचा स्वेटर घालून टेकडी चढतोय! मीच विणला होता. बिनबाह्यांचा विण म्हणाले असते तर तेवढा तरी ताप वाचला असता.

हॉटेलात बसणाऱ्यांनी निदान करून टाकलं. हिवताप. चांगला जुनाट. ती बातमी एसटीनं तेरखेड्याला पोचली, आणि तिसऱ्या दिवशी वडील दारात हजर. सोबत एक वयस्कर हकीम आणि औषधांची पेटी.

“लग्नाआधी सांगायचं व्हतं, आक्का,” वडील म्हणाले. आवाज अगदी पडलेला.

आक्का दोघांना घेऊन सरळ टेकडी चढल्या, रहीमचाचांच्या हवाली केलं आणि म्हणाल्या, “ह्यांना जावयाचा ताप दाखवा.”

चाचांनी टाकीच्या खोलीचं दार उघडलं, दोघांना आत ढकललं आणि दार लावून घेतलं. मी भाकरी घेऊन बाहेर उभी. बराच वेळ गेला. आवाज नाही. शेवटी यांनी दार ठोठावलं.

“मामा, पटलं का? या आता बाहेर.”

आतून वडलांचा आवाज आला. पडलेला नव्हता, उलट चांगला खुललेला होता.

“जावईबापू, हकीमसाहेबांना नाडी अजून नीट लागली न्हाय. दुपार उतरोस्तर बसावं लागंल!”

*

सलग दोन वर्षं पाऊस दडी मारून बसला तेव्हा गावाला कुणावर तरी राग काढायचा होता. इंद्रावर काढून उपयोग नव्हता. म्हणून छत्रीवर काढला.

“अशी उलटी छत्री लावून बसल्यावर ढग यील कसा? तिच्यातनं कसल्या कसल्या लहरी निघत्यात. त्याच ढगाला हाकलत्यात!” पारावर हे सिद्धच झालं. सरपंच आणि चार म्हातारे मोठ्या साहेबांकडं गेले. त्या दिवशी साहेबांच्या बाईसाहेब आजारी होत्या, म्हणून चहा करायला मला बोलावलं होतं. मी असले की कुणी थांबत नाही बोलायचं.

सरपंच म्हणाले, “साहेब, देशाचं काम हाय, आमाला कळतं. पन एवढा मृग जाऊस्तर आठ रोज छत्री बंद ठेवा. पाऊस पडला की पुन्ना चालू करा. आमी हळद-कुकू लावू तिला.”

साहेबांनी शांतपणे चहा संपवला. “आपली विनंती मान्य करता येणार नाही.”

“का पन?”

“कारण यंत्र होळीपासून बंदच आहे. सुटा भाग मिळत नाही.”

म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. होळीपासून ज्या छत्रीला ते रोज शिव्या देत होते, ती बिचारी नुसती उन्हात उभी होती!

साहेब उठले, खिडकी लावली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ही बाब अत्यंत गोपनीय आहे. राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. कोणालाही सांगू नये.”

पाचही जणांनी गळ्याची शपथ घेतली. सरपंचांचे तर डोळे भरून आले. सरकारनं एवढा विश्वास त्यांच्यावर पहिल्यांदाच टाकला होता.

आठवडी बाजारात मी भाजी घ्यायला गेले. कोथिंबिरीची जुडी बोटाएवढी. मी नुसतंच बघत राहिले, तर भाजीवाली कातावली.

“आता बघती काय, बाई? पाऊस न्हाय तर कोथमीर कुठनं यावी? आन छत्रीचं नाव घेऊ नका, ती बी होळीधरनं बंद हाय!”

*

आता आक्कांच्या दुधाविषयी.

गावातल्या बायकांनी मिळून दुधाची सोसायटी काढली होती. आक्का चेअरमन. दुष्काळात शेतातून काही येत नव्हतं. घरात रोज येणारी वस्तू एकच, दूध. तेही दुष्काळी छावणीतल्या चाऱ्यावर जगणाऱ्या म्हशींचं, कसंबसं. पण डेअरीची गाडी येणार तिच्या मनाला येईल तेव्हा. तोवर कॅन उन्हात. शहरात पोचेपर्यंत दूध नासायचं आणि दुसऱ्या दिवशी कॅन तसाच परत. नासक्या दुधाचा कॅन दारात उतरवला की आक्का त्याच्याकडं बघायच्याच नाहीत. खडी फोडताना मोडल्या नाहीत त्या बाई, पण त्या कॅनासमोरून जाताना पदर नाकाला लावायच्या, आणि तो वासासाठी नसायचा.

“अजून दोन म्हयने असंच चाललं तर सोसायटीला कुलूप,” एकदा त्या मला म्हणाल्या. मला म्हणाल्या म्हणजे स्वतःलाच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्वेटर घालायला लागले. आक्का भाकरी थापता थापता थांबल्या. स्वेटरकडं बघतच राहिल्या. मग हात धुतले, डोक्यावर एक कॅन घेतला, दुसरा माझ्या डोक्यावर दिला आणि आम्ही निघालो.

रहीमचाचा दारात आडवे झाले. “आक्का, गजब करता! ह्ये सरकारी पाणी हाय!”

“पाणी सरकारी हाय, दूध आमचं हाय. कॅनचं झाकण घट हाय. दोघांची गाठसुदिक पडायची न्हाय!”

आणि कॅन गळ्यापर्यंत टाकीत उभे केले.

त्या आठवड्यात एकही कॅन परत आला नाही. मग काय! टाकीत कॅनांची रांगच लागली. तोवर छत्रीचा सुटा भाग आला होता. ती पुन्हा वर बघायला लागली, खाली आमचं दूध, आणि दोघांना गार ठेवणारी बेगम मध्ये. एक दिवस मोठे साहेब अचानक फेरीवर आले. टाकीत डोकावले. पाण्यातून पंधरा-वीस पितळी झाकणं त्यांच्याकडं बघत होती.

“हे काय आहे?”

चाचांच्या तोंडातलं पान आतच राहिलं. आमचे हे स्वेटरच्या आत जेवढं जाता येईल तेवढे गेले. आक्का मात्र पुढं झाल्या.

“साहेब, तुमची मशीन तापती, आमचं दूध बी तापतं. तुमच्या मशीनला ह्या पान्यानं काय कमी पडलं का?”

साहेबांनी तापमापक बघितला. काही कमी पडलं नव्हतं. त्यांनी हात मागं बांधले आणि बराच विचार केला.

“दूध परदेशी नाही ना?”

“म्हशीचं हाय.”

“मग असू द्यावे.”

*

आणि मग स्टेशन बंद करायचा हुकूम आला. मशीन म्हातारी झाली होती, काचेचे दिवे आता कुठं बनत नव्हते, नवीन स्टेशन दुसरीकडं उभं राहिलं होतं. साहेबांनी सगळ्यांना बोलावून छापील मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्य मात्र त्यांना पूर्ण करता आलं नाही. पुस्तकात ते नसावं.

नियम साधा होता. चालू सामान दुसऱ्या स्टेशनला जाणार. बंद सामान भंगारवाल्याला.

छत्री भंगारात. गॅसनं तिचे तुकडे केले आणि ट्रकवर चढवले. सकाळी ट्रक निघणार म्हणून खाली रस्त्यावर सगळं गाव. बायका खण-नारळ घेऊन आलेल्या. एवढी वर्षं डोक्यावर राहिली, तिला अशी कोरडी कशी पाठवायची? आक्कांनी तिच्या एका जाळीत नारळ अडकवला, तांदूळ टाकले, हळद-कुंकू लावलं. जिला पावसावरून शिव्या घातल्या, तिचीच ओटी भरताना बायकांचे डोळे पाण्यानं भरले.

ट्रकचा ड्रायव्हर कंटाळला होता. “मावशी, लवकर आटपा. लोखंड हाय ते.”

“गप रं,” आक्का म्हणाल्या. “तू सासरला घालवायला आलाईस. मधी बोलायचं न्हाय.”

ट्रक गेला. धूळ बसली. टेकडी टक्कल केल्यासारखी दिसायला लागली. सगळे तसेच उभे. तेवढ्यात पारावरचे सगळ्यात म्हातारे तात्या काठीवर रेलत काळजीच्या सुरात म्हणाले,

“आता पाऊस न्हाय आला तर नाव कुनाचं घ्यायचं?”

*

राहिली बेगम.

बेगम गेली तर दूध गेलं, दूध गेलं तर सोसायटी गेली. हे गावात सगळ्यांना कळत होतं. आमच्या घरात त्याहून एक गोष्ट जास्त कळत होती. बेगम गेली तर यांचंही काम संपणार होतं. लग्नात आणलेली ट्रंक मी नुकतीच उपसून रिकामी केली होती. हे म्हणाले, “पुन्हा भरायला घे हळूहळू.” मी घेतली नाही. ऐकू आलं नाही असं दाखवलं. न बोलणाऱ्या माणसाला हे जमतं.

पुण्याहून तपासणी पथक यायचं होतं. बेगम चालू दिसली की ती दुसऱ्या स्टेशनला जाणार, हे ठरलेलं. आदल्या दिवसापर्यंत ती अशी ठणठणीत चालत होती की विचारू नका. टाकीतल्या पाण्यात बोट धरवत नव्हतं.

पथक आलं. रहीमचाचांनी अदबीनं खटका दाबला. बेगम गप्प. पुन्हा दाबला. गप्प. आमच्या यांनी लोखंडी पान्यानं इकडं तिकडं ठोकलं. काही नाही. पथकातले इंजिनिअर चिडले. “परवापर्यंत चालू होता ना?”

“साहेब, बेगम हाय ती,” चाचा खाली मान घालून म्हणाले. “पडद्यातली. परक्या माणसांसमोर तिला बाहेर यायची सवय न्हाय.”

बाहेर ऊन मी म्हणत होतं. पथकाला बेगमपेक्षा जीपची सावली प्यारी होती. त्यांनी ‘निकामी’ असा शेरा मारला, कपाळ पुसलं आणि निघाले. चाचांनी जाता जाता सगळ्यांपुढं पानाची डबी धरली. सुपारी, कात, लवंग. एकेकानं उचलून घेतलं. मी चहाचे कप गोळा करत शेजारीच उभी होते. पानांच्या खाली चिनी मातीचा एक पांढरा फ्यूज पडलेला होता.

जीप टेकडी उतरली न उतरली, तोच मागं बेगम धडधडायला लागली!

“बघितलंस?” चाचा छातीवर हात ठेवून मला म्हणाले. “लाज गेली तिची!”

मी काही बोलले नाही. मी कुठं बोलते?

*

पण आनंद चारच दिवस टिकला. निकामी सामान भंगारवाल्याला जाणार, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग चाचांची डबी विसरलीच होती!

झालं काय, की बेगम चालू आहे असं सांगावं तर ती दुसऱ्या स्टेशनला जाणार. बंद आहे असं सांगावं तर ट्रकवर जाणार. दोन्हीकडून जाणारच! एकच वाट उरली. दिल्लीहून एक मोठे अधिकारी शेवटचा हात फिरवायला येणार होते. भंगार कुणाला द्यायचं, हे त्यांच्या हातात होतं. ते सोसायटीला मागायचं. मात्र ती चालते, हे चुकूनही बोलायचं नाही.

आक्कांनी सगळ्या बायकांना ओसरीवर बसवून तालीम घेतली.

“मशीन कशी हाय?”

“मेलेली हाय!” बायका एका सुरात.

“गार पानी कधी बघितलं?”

“कधीच न्हाय!”

“दूध कुठं ठिवता?”

“टाकी...” असं एकीनं सुरू केलं आणि बाकीच्यांनी तिचं तोंड दाबलं. आक्कांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “ह्या सगळ्यांत मला एका सूनबाईचा घोर न्हाय. ती तोंडच उघडत न्हाय!”

सगळ्या हसल्या. मीही हसले, माझ्या पद्धतीनं.

*

दिल्लीचे साहेब आले ते ऐन दुपारी. गळ्यात ओला रुमाल, चेहरा लालबुंद, माणूस मात्र सभ्य. प्लँटच्या ओसरीत पत्र्याच्या खुर्च्या टाकल्या होत्या. बेगम सकाळीच गप्प केली होती. मोठे साहेब होते, रहीमचाचा होते, आमचे हे होते, आक्का आणि सोसायटीच्या बायका होत्या. टेकडीखाली भंगारवाल्याचा ट्रक आधीच येऊन थांबलेला. त्यानं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं.

आक्का हात जोडून उभ्या राहिल्या. “साहेब, एवढं बंद पडलेलं धूड आमच्या सोसायटीला द्या. आमी संभाळू.”

मोठ्या साहेबांनी ते हिंदीत सांगितलं. दिल्लीच्या साहेबांनी मान हलवली. ते काय म्हणाले ते मला अजून पाठ आहे, कारण त्यात कुठं बोट ठेवायला जागाच नव्हती.

“माई, मशीन चालू असती तर मी दुसऱ्या स्टेशनला पाठवली असती. ती मेलेली आहे. मेलेली मशीन गरीब बायकांच्या गळ्यात बांधायची? तिचं तुम्ही काय करणार? हे पाप मी नाही करायचा. ट्रकवाल्याला वर बोलवा.”

आक्कांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. लग्न होऊन आल्यापासून हे मी पहिल्यांदाच बघत होते. ती चालते म्हणावं तर गेली, चालत नाही म्हणावं तर गेली. रहीमचाचा पानाच्या डबीकडं बघत होते. आमचे हे पायाच्या अंगठ्याकडं. मोठे साहेब छताकडं. खाली ट्रकनं गिअर टाकल्याचा आवाज आला.

काही सुचेना तेव्हा बाईमाणूस जे करतं तेच आक्कांनी केलं. आलेल्याला काहीतरी प्यायला द्यायचं. आवाज अगदी बारीक झाला होता.

“सूनबाई, साहेबांना ताक आन. माठातलं.”

मी उठले. माठ ओसरीच्या डाव्या हाताला होता. मी उजवीकडं गेले.

परत आले तेव्हा ताटलीत ताकाचा पेला होता. बाहेरून नुसता घामानं डबडबलेला, धरल्या धरल्या बोटं बधिर करणारा. मी तो दिल्लीच्या साहेबांपुढं धरला. आक्कांनी पेल्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

साहेबांनी एक घोट घेतला. थांबले. पेल्याकडं बघितलं. दुसरा घोट घेतला. मग पेला आधी एका गालाला लावला, मग दुसऱ्या, मग कपाळाला.

“इस गर्मी में इतना ठंडा? बहू, ये कहाँ का है?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बायकांचे ओठ हलत होते, माठ, माठ, माठ. चाचांनी डबी मिटली. ट्रक वर येऊन दारातच उभा राहिला.

“आपके भंगार का है, साहेब,” मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. बंद दाराकडं बघितलं. दाराखालून गार वाऱ्याची झुळूक येत होती, तिच्याकडं पाय थोडे सरकवले. मग त्यांनी मोठ्या साहेबांकडं बघितलं.

मोठे साहेब छताकडंच बघत म्हणाले, “यंदा उन्हाळा फार आहे.”

दिल्लीच्या साहेबांनी राहिलेलं ताक एका दमात संपवलं. मिशा पुसल्या. दारातल्या ट्रकवाल्याला हातानंच मागं जायची खूण केली, आणि पेला माझ्यापुढं धरला.

“बहू, एक गिलास भंगार और देना!”